सौम्य केलेली आई

वैजयंता वाईंगडेनं पोटच्या पोरीला उभ्या जन्मात कधी 'बाळा' म्हटलं नव्हतं. ईश्वरी जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेऊन ती म्हणाली होती, "आलीस काय गं भवाने, किती वाट बघायला लावलीस." तिथून पुढं मेले, टवळे, घुबडे, ज्या दिवशी जे तोंडात येईल ते. पोरगी शाळेतून आली की दारातच स्वागत, "आली अवदसा. हात धू आणि गिळ." पोरगीही कमी नव्हती. बोलायला लागल्यापासून आईला म्हातारे म्हणायची. हुपरीच्या त्या गल्लीत घरोघरी हेच चालायचं. ओट्यावर बसून चांदीचे पैंजण जोडणाऱ्या बायका एकमेकींना ज्या शिव्या द्यायच्या त्या ऐकून परगावचा माणूस पोलीस बोलवेल. त्याच बायका एकमेकींची बाळंतपणं काढायच्या.

या घरात भ्यायचं ते वेगळ्याच गोष्टीला. वैजू खरोखर चिडली की गोड बोलायची. आवाज खाली यायचा, शिव्या बंद व्हायच्या, आणि ती म्हणायची, "बरं. तुला योग्य वाटेल तसं कर हां." हे वाक्य आलं की ईश्वरी आणि तिचा बाप अजित घरातल्या घरात चोरासारखे वावरायचे.

"पप्पा, आई गोड बोलाय लागली," पोरगी कुजबुजायची.

"मेलो आपण," अजित म्हणायचा.

आणि एका संध्याकाळी अजित मेला. ईश्वरीला शिकवणीवरून आणायला निघाला होता. उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, रस्त्याच्या मधोमध उभी. पोरगी शिकवणीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी शेजारचे आले तिला न्यायला.

महिनाभरात वर्गाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हार घातलेला अजितचा फोटो. फोटोतले ओठ हलत होते आणि आवाज अजितचाच होता. आवाज चोरायला हल्ली अर्धा मिनिट पुरतो, लग्नाच्या व्हिडिओतून मिळाला असेल. फोटो म्हणत होता, "ईशे, तुला आणायला निघालो नसतो तर आज जगलो असतो बघ." खाली हसऱ्या तोंडांची रांग. हे केलं गावातल्या एका पुढाऱ्याच्या पोरानं आणि त्याच्या दोन चेल्यांनी. त्यांना काय झालं? काही नाही. पोरं आहेत, म्हणाले. गंमत केली.

ईश्वरीनं जेवण सोडलं. मग बोलणं सोडलं. वैजू ताटाशी बसून सगळ्या शिव्या देऊन थकली, आणि एकदा ताट बाजूला सारून पोरीच्या पायाशी डोकं टेकून रडली.

राज्यात अशी पोरं गावोगावी होती. काहींनी जीव दिला होता, घरच्यांना पायाशी रडायलाही पोर उरलं नव्हतं. तेव्हा कुठं सरकार जागं झालं. सरकार जागं झालं की समिती नेमतं आणि ॲप काढतं. या वेळी मनगटाचा पट्टाही काढला. योजनेचं नाव 'स्नेहकवच'.

खोटं कशाला बोला, पट्ट्यानं काम केलं. माणसाला एखादी गोष्ट लागली की तोंडानं तो काही का म्हणेना, तळव्याला बारीक घाम सुटतो आणि नाडी उडी मारते. हे जुनंच ज्ञान. खोटं पकडायच्या यंत्रात हेच वापरायचे. नवं होतं ते पुढचं. विद्यार्थ्याच्या टॅबवर येणारा शब्द, लिहिलेला असो की बोललेला, आधी सरकारी यंत्रातून जायचा. यंत्र एका डोळ्यानं शब्द बघायचं, दुसऱ्या डोळ्यानं पट्टा. शब्द कडू आणि पट्टा लाल, म्हणजे छळ. मेसेज अडवायचा, पाठवणाऱ्याचं नाव शाळेला कळवायचं. वर्षभरात शाळांच्या ग्रुपवरची घाण आटली. पुढाऱ्यांची पोरंसुद्धा नमस्कार-सुप्रभात करायला लागली.

शाळेत पट्टे वाटले तेव्हा वैजूनं बाईंच्या हातून तो मागून घेतला आणि स्वतः पोरीच्या मनगटावर बांधला. "आता कोण काय बोलतंय तुला ते बघते, टवळे," ती म्हणाली.

पट्टा थरथरला आणि लाल झाला.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग पोरगी फस्सकन हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. त्या एका हसण्यासाठी वैजूनं सरकारला तोंड भरून आशीर्वाद दिले.

*

पैंजण जोडून दोघींचं भागणार नव्हतं. जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला राज्यातून बायका पाठवत होते. वैजूनं सहा महिने भाषा शिकली, पोरीला सरकारी निवासी कन्याशाळेत घातलं आणि गेली. निघताना म्हणाली, "रडलीस तर थोबाड फोडीन." ईश्वरी म्हणाली, "तूच रडू नको म्हातारे, तिकडं कोण डोळं पुसायला नाही." दोघीही बस हलेपर्यंत रडल्या नाहीत.

तिकडं तिच्याकडं इशिदा नावाचे एक आजोबा होते. कुणाच्याच हातून जेवायचे नाहीत. शिकवलेल्या सगळ्या आर्जवी जपानी वाक्यांनी तोंड उघडेना, तेव्हा वैजू मराठीत म्हणाली, "गिळ की रं म्हाताऱ्या, का नरड्यात बोळ्यानं घालू?" आजोबा चमकून बघायला लागले, मग दात नसलेलं तोंड उघडून हसले. त्याच उघड्या तोंडात तिनं घास घातला. त्या माणसाला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

शाळेत टॅब रविवारी मिळायचा. सुरुवातीला वैजूचा फोन लागायचाच नाही. तिच्या एकटीची नव्हे, अनेक आईबापांची हीच तक्रार होती. कुणी पोरावर ओरडला, कुणी रडवेल्या आवाजात बोलला, की पट्टा लाल आणि फोन बंद. बोंब झाली, आमदारांनी प्रश्न विचारले, आणि सरकारनं यंत्र सुधारलं. आता ते काहीच अडवणार नव्हतं. सौम्य करणार होतं.

आईबाप बोलायचे, यंत्र ते ऐकायचं, त्यातला टोचणारा भाग काढायचं आणि उरलेलं त्याच माणसाच्या आवाजात, त्याच दमानं, पोराला ऐकवायचं. मध्ये क्षणभर उशीर व्हायचा. लोक म्हणायचे, रेंज नाही. पोरांच्या तोंडीही शिवी असते, म्हणून पोरांकडून जाणाऱ्या बोलण्यालाही तीच चाळणी. पडद्यावर चेहऱ्याऐवजी फोटो दिसायचा, कारण बोललेलं आणि ओठ जुळले नसते.

आणि यंत्र शिकत राहायचं. कुठल्या वाक्यानं या पोरीचा पट्टा हिरवा राहतो, कुठल्यानं हलतो, हे दर रविवारी टिपून पुढच्या रविवारी आणखी गुळगुळीत वाक्य द्यायचं. आता आईचा आवाज ऐकून परक्या गावातल्या पोरीच्या तळव्याला घाम फुटणारच. पण घामाला कारण माहीत नसतं. अपमानाचा घाम आणि आठवणीचा घाम, दोन्ही खारटच. यंत्राला वाटलं, ही बाई दर रविवारी पोरीला दुखवते. त्यानं बाईला आणखी सौम्य केलं.

हे सगळं पालकांना कळवलं होतं. ॲप टाकताना आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबतो ना, तिथं कळवलं होतं.

*

वैजू बोलली ते असं: "काय गं घुबडे, केसांना तेल लावतीस का झिपऱ्या सोडून हिंडतीस? तुझ्याबिगर घास उतरत नाही बघ माझ्या नरड्याखाली."

ईश्वरीनं ऐकलं ते असं: "बाळा, कशी आहेस? स्वतःची काळजी घेत जा. मला तुझा अभिमान आहे."

आवाज आईचा. खोकलासुद्धा आईचा. आई गोड बोलायला लागली होती.

पहिल्या रविवारी तिला वाटलं, कामानं दमली असेल. दुसऱ्या रविवारीही बाळा. मग तिनं विचार करायला घेतला की आपण काय केलं. चाचणीत गणितात कमी पडले होते, ते सांगितलं. आई म्हणाली, "काही हरकत नाही, तू प्रयत्न केलास हे महत्त्वाचं." ईश्वरीचा धीर सुटला. कमी मार्कांवर आई असं बोलत असेल तर राग साधा नव्हता. आत, खूप आत होता.

मग तिला सापडलं. आपल्याला आणायला पप्पा निघाले म्हणून. तिकडं एकटी बसून आईनंही तोच हिशेब मांडला असणार. वर्गातल्या पोरांनी व्हिडिओत म्हटलं ते आईला पटलंय.

पुढच्या रविवारी टॅब तोंडाजवळ धरून ती घाईघाईनं बोलली, "म्हातारे, चिडू नको की गं. मी काय मुद्दाम बोलावलं होतं काय पप्पांना? मरू दे तुझं ते जपान, ये इकडं. मला इथं करमत नाही. आली नाहीस तर पळून येते बघ, मग बस बोंबलत."

जपानमध्ये खिडकीशी उभ्या वैजूनं ऐकलं: "आई, माझी काळजी करू नकोस. मी इथं छान रुळले आहे. तू तिकडचं काम मनासारखं पूर्ण कर."

वैजूला बरं वाटलं आणि वाईटही. म्हातारे म्हणाली नाही. मोठी झाली पोरगी. चांगली शाळा आहे, वळण लागलं. त्याच आठवड्यात तिचा करार संपत होता. तिनं पुढच्या दोन वर्षांसाठी सही केली.

*

वैजूचा धाकटा भाऊ आप्पासो पैंजणांना पॉलिश करायचा. मधूनमधून भाचीला भेटायला जायचा. एकदा भेटीचा दिवस आणि फोनचा रविवार एक आला. शाळेच्या पायरीवर मामा-भाची भडंग खात बसली असताना टॅब वाजला. आप्पासोनं कान दिला.

"तुझी प्रगती ऐकून समाधान वाटलं, बाळा," टॅबमधून वैजू म्हणत होती. आप्पासोच्या हातातलं भडंग हातातच राहिलं.

ईश्वरी हो, हो, म्हणत राहिली. फोन संपल्यावर तिनं टॅब पुसून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मामा, अजून किती दिवस चिडणार आहे ती माझ्यावर?"

आप्पासोनं खोदून विचारलं, सगळं ऐकलं, मग उठून फाटकाबाहेर गेला आणि आपल्या फोनवरून बहिणीला लावला.

"वैजे, आजारी हाईस काय?"

"मी? आजारी पडो तुझी बायको. काय झालं?"

"मग पोरीशी असं काय बोललीस? प्रगती काय, समाधान काय. कुणी बंदूक लावल्याली काय डोसक्याला?"

"समाधान? आप्प्या, दिवसाढवळ्या घेतलीस काय रं?"

"शेजारीच बसलो हुतो की. तुझाच आवाज. भैणीचा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

"मी तिला म्हणाले, माकडे, सुट्टीत मामाकडं जाऊन भडंग चोरून खाऊ नको, पोट बिघडंल."

आप्पासो हातातल्या पुडीकडं बघत राहिला.

"आप्प्या, बोल की."

"वैजे, गेल्या साली पोरगी तुला काय म्हणाली? ये म्हणाली का न्हाई?"

"न्हाई. रुळले म्हणाली. तू तिकडंच थांब म्हणाली. म्हणून तर सही केली मी."

"ती दर रविवारी तुला ये म्हणत हुती," आप्पासो म्हणाला. "मला आत्ता सांगितलं तिनं. ये म्हटलं की आई आणखीच गोड बोलती, म्हणून आता म्हणायचं बंद केलंय."

शब्द न् शब्द वैजूपर्यंत जसाच्या तसा पोचला. या वेळी रेंज होती.

*

मदत क्रमांकावर बोलणारी बाई फार नम्र होती.

"मॅडम, आम्ही मजकूर बदलत नाही. आशय तोच ठेवतो. फक्त तीव्रता कमी करतो."

"पोरगी ये म्हणाली. तुम्ही मला ऐकवलं, थांब. ह्यात तीव्रता कुठली कमी झाली?"

"त्या वाक्यात पळून जाण्याची धमकी होती, मॅडम. अशी वाक्यं पालकांना जशीच्या तशी गेली तर पालक उत्तेजित होतात आणि विद्यार्थ्याला त्रास होतो, असं निरीक्षण आहे. आम्ही शाळेला कळवलं होतं. समुपदेशक भेटून आल्या. पट्टा हिरवा झाला."

"माझा आवाज तुम्हाला कुणी दिला?"

"मान्यतेमध्ये आहे, मॅडम."

"ऐका," वैजू म्हणाली. "तीन पोरांनी माझ्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज काढून पोरीला खोटं ऐकवलं, त्याला तुम्ही गुन्हा म्हणता. त्यासाठीच हा पट्टा काढला. मी जिवंत हाय. माझा आवाज काढून तुम्ही तिला खोटं ऐकवलं. ह्याला काय म्हणता?"

कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, ईश्वरीचा पट्टा गेलं वर्षभर सलग हिरवा आहे. जिल्ह्यातल्या सगळ्यात सुरक्षित विद्यार्थिनींत तिचं नाव आहे. तुमची इच्छा असेल तर पालकांसाठी सुसंवादाचे वर्ग आहेत. तुमची मूळ भाषाच सौम्य झाली तर यंत्राला काहीच बदलावं लागणार नाही."

वैजूनं जी शिवी दिली ती कुठल्याही यंत्राला सौम्य करता आली नसती. ती पोचली का हे माहीत नाही.

करार मोडून निघायला सरता हिवाळा आला. इशिदा आजोबांना ती जपानीत सांगत होती की मी जातेय, आता दुसरी बाई येईल, नीट जेवा. आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मग ती मराठीत म्हणाली, "मरू नको लगेच, थेरड्या." आजोबांनी तिचा हात धरला आणि सोडेनात.

आप्पासोनं भाचीला सगळं समजावून सांगितलं होतं. यंत्र असं करतं, आई चिडलेली नाही, कधीच नव्हती. ईश्वरीनं शांतपणे ऐकलं आणि "हो मामा" म्हणाली. तिला खरं वाटलं की नाही ते आप्पासोला कळलं नाही. मोठी माणसं तिच्याशी गेली दोन वर्षं याच आवाजात बोलत होती.

*

भेटीच्या खोलीत भिंतीवर फुलपाखरं रंगवली होती. ईश्वरी आली. उंच झाली होती, वेण्या चापूनचोपून, तेल लावलेलं. वैजूनं विमानात, बसमध्ये, रिक्षात, सगळ्या वाटेत एकच वाक्य घोकलं होतं. ते बोलून टाकलं.

"काय गं घुबडे. वळख हाय का म्हातारीची?"

पट्टा थरथरला नाही. ईश्वरीनं आधी मनगटाकडं पाहिलं. मग वर पाहून ती हसली, पाहुण्यांकडं बघून हसतात तशी.

"प्रवास नीट झाला ना, आई?"

वैजूनं तिला ओढून कवटाळलं. पोरीनंही हात टाकले. पाठीवरून हळूहळू थोपटलं, समुपदेशक बाई थोपटतात तसं.

"ईशे, मी तुला कधी बाळा म्हटलं न्हाई. एकदाबी न्हाई. ते मी न्हवते."

"माहीत आहे. मामानं सांगितलं."

"तुझ्या बापाला तू मारलं न्हाईस. दिवा नसलेल्या ट्रॉलीनं मारलं. माझ्या मनात कधी आलं न्हाई ते. तुझ्या बापाची शपथ."

"हो," ईश्वरी म्हणाली. तिनं पुन्हा मनगट बघितलं. वैजूला तेव्हा उमगलं. पोरगी आपल्याला काय वाटतंय ते तिथं बघत होती.

"हे काढ आधी," वैजू पट्ट्याला झोंबली. "काढ म्हणते ना, सटवे."

ईश्वरीनं हात मागं घेतला. जोरात नाही, सावकाश. "नको. दहावीपर्यंत ठेवावा लागतो. आणि काढला की मला कळत नाही."

"काय कळत न्हाई?"

बाहेर घंटा झाली. ईश्वरी दाराकडं वळली, स्कर्टच्या चुण्या नीट केल्या.

"चल घरी," वैजू म्हणाली. ती भीक मागत होती. "आजच. आप्प्या रिक्षा घेऊन थांबलाय. इथं न्हाई ठेवायची तुला. आणि नसंल यायचं तर मी इथंच शाळेच्या फाटकात बसते. रोज येते शिव्या द्यायला. बोल, काय करू? तू म्हणशील तसं."

ईश्वरी दारात थांबली. तिचा आवाज खाली आला.

"बरं. तुला योग्य वाटेल तसं कर हां."

हे वाक्य वैजूचं होतं. हुपरीच्या घरातलं, अजितला घाबरवणारं, तिच्या खऱ्या रागाचं. पोरगी चिडली असेल. दोन वर्षांचा राग असेल आत, आईच्या जातीचा, गोड आणि जळता. देवा, चिडलेली असू दे. चिडली असेल तर अजून काहीतरी शिल्लक आहे, भांडता येईल, रडता येईल, घरी नेता येईल. नाहीतर हे वाक्य तिला दुसऱ्या कुणीतरी शिकवलेलं असेल आणि त्यात काहीच नसेल.

तिनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडावरून कळेना. आईला पोरीच्या तोंडावरून कळेना.

म्हणून तिनं मनगटाकडं पाहिलं. हिरवं होतं.